मॅनेजर कसा काढावा : बारामती-इंदापूरकरांसाठी हंगामी मार्गदर्शन

इंग्लिश प्रीमियर लीगचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. २० संघ, प्रत्येकाचे ३८ सामने, तळाचे तीन संघ खालच्या वर्गात. ही झाली वरवरची माहिती. भवानीनगरच्या स्टँडवर किंवा बारामतीच्या भिगवण चौकात उभं राहून एखाद्या मॅनेजरला घरी पाठवायचं असेल, तर एवढ्यावर भागत नाही. त्याला तयारी लागते, बैठक लागते, आवाज लागतो. सामना पाहिलेला असावा अशी मात्र सक्ती नाही. पाहिलेला असला तर उलट अडचण होते, कारण मग खरं काय झालं ते मधे मधे आठवत राहतं.

आधी संघ निवडावा. संघ जवळचा असावा, असा भाबडा आग्रह काही जण धरतात. जवळचा होता की! २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटी आली. बालेवाडीला खेळली, २०१५ मध्ये इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट तिचा प्रशिक्षक होता, २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेली, आणि २०१९ मध्ये क्लबच गुंडाळला. मॅनेजर काढायचा तर निदान क्लब तरी जागेवर पाहिजे. कोल्हापूरकरांचं बरं आहे. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा. पेठ ठरली की संघ ठरला, आणि शाहू स्टेडियमवर जाऊन जे काय ते तोंडावर बोलता येतं. आपल्याकडे अशी सोय नसल्यामुळे भावकीचा आधार घ्यावा. ज्या चुलत्याशी बांधावरून बोलणं बंद आहे, त्याचा मुलगा आर्सेनलचा असेल तर आपण डोळे मिटून टॉटनहॅमचे व्हावं. संघ पुढे पस्तावायला लावील, पण बांधाचा प्रश्न तोवर जिवंत राहील.

आता वेळेचं गणित. इंग्लंडात दुपारी तीनला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला लागतो. तिकडचा रात्री आठचा सामना आपल्याकडे दीडला. मार्चच्या शेवटी ते लोक घड्याळ तासभर पुढे ढकलतात आणि दीडचे साडेबारा होतात. पुण्यामुंबईच्या शौकिनांना हे जागरण वाटतं, कॉफी लागते. आपल्या भागात शेतीपंपाच्या थ्री-फेज लाइटचे दिवसरात्रीचे आठवडे ठरलेले असतात. रात्रीचा आठवडा असला की मोटर सुरू करायला उठावंच लागतं. त्यामुळे चॅम्पियन्स लीगचा खरा प्रेक्षक लंडनइतकाच नीरा डाव्या कालव्याच्या कडेला जागा असतो. मोबाईल स्टार्टरच्या पेटीवर टेकवावा, आवाज मोठा ठेवावा आणि फावडं घेऊन दारं धरायला जावं. एक गोष्ट अनुभवी माणसं सांगतात ती लक्षात ठेवावी : पाणी सरीच्या टोकाला पोचलं की नाही ते बघायला आपण उसात शिरलो की गोल होतो. बॅटरी हातात, पाय चिखलात, पाचट अंगाला खाजतंय आणि लांबून समालोचकाचा आरडाओरडा ऐकू येतोय. कुणी मारला, आपल्यावर बसला की त्यांच्यावर, काही कळत नाही. अशा वेळी धावू नये. पाणी फुटतं. गोल पुन्हा दाखवतात, फुटलेली सरी पुन्हा बांधावी लागते. आणि गोल आपल्यावर झालेला असेल, तर फुटलेल्या पाण्याचा खर्चही मॅनेजरच्या नावावर टाकावा.

सामन्याआधी तास-सव्वा तास संघ जाहीर होतो. खरं काम तिथून सुरू. जो खेळाडू बाकावर बसवलाय तो संघातला सर्वोत्तम, हे ताबडतोब सांगून मोकळं व्हावं. तोच साठाव्या मिनिटाला मैदानात आला की त्याच्यात आता दम राहिला नाही, असं म्हणावं. २०२२-२३ पासून पाच बदल करता येतात, म्हणजे चुका काढायला पाच जागा आयत्याच मिळाल्या. बदल उशिरा केला तर मॅनेजर झोपला होता, लवकर केला तर घाबरला. वेळेवर केला आणि गोल झाला, तर खेळाडूचं श्रेय. रचनेबद्दल बोलताना आकडे ठामपणे सांगावेत. टपरीवरचा हा नमुना पाठ करण्यासारखा आहे :

"तीन बॅक घेऊन कोण खेळतं लका?"

"मग किती घ्यायचं, आण्णा?"

"चार."

"मागल्या खेपेला चारच हुतं की. तवा तुम्हीच म्हणला, पाच पायजेत."

"तवा पाऊस हुता."

पावसाला उत्तर नसतं. चहा सांगावा.

शिकलेल्या मंडळींशी गाठ पडली तर एक्सजी नावाचा आकडा कामाला येतो. मिळालेल्या संधींतून किती गोल व्हायला हवे होते, त्याचा हा अंदाज. बाकीच्या महाराष्ट्राला तो समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे लागत नाही, कारण आपण साखर उताऱ्यावर वाढलेली माणसं. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, यावर सगळा हंगाम जातो. २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये, आणि पुढच्या प्रत्येक ०.१ ला वेगळा भाव. दशांश चिन्हाला एवढा मान देणारा दुसरा मुलूख नसेल. 'ऊस साडेअकराचा घातला, उतारा साडेदहाचा दाखवला, मधली साखर कुणी खाल्ली?' हा प्रश्न ज्याच्या ओठावर असतो, त्याला एवढंच करायचंय : एक्सजी २.३, गोल १, राहिलेला १.३ कुठं गेला, म्हणून विचारायचं. समोरचा चेंडू, खांब, गोलरक्षक असलं काही सांगू लागेल. ऐकू नये. असली उत्तरं वजनकाट्यावरही मिळतात.

दाखले मात्र जपून वापरावेत, दोन्हीकडून चालतात. 'थांबा, वेळ द्या' म्हणणारा पक्ष हमखास ॲलेक्स फर्ग्युसनला पुढे करतो. नोव्हेंबर १९८६ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडला आला. तीन वर्षं झाली तरी हाती काही नाही, म्हणून डिसेंबर १९८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर त्याला निरोप देणारा फलक झळकला. जानेवारी १९९० मध्ये एफए कपला नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सने गोल केला, युनायटेड १-० ने जिंकलं आणि गडी तरला असं सांगतात. मग तो कप आला, १९९२-९३ ला लीग आली आणि २०१३ ला निवृत्त होईपर्यंत लीगची १३ विजेतेपदं. हा दाखला ऐकला की समोरचा पक्ष गप्प होतो. आपण होऊ नये. क्लाउडिओ रानिएरी काढावा. २०१५-१६ ला त्याने लेस्टरला अजिंक्य केलं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच लेस्टरने त्याला नारळ दिला. लुई व्हॅन गालने मे २०१६ मध्ये एफए कप उचलला, दोन दिवसांत युनायटेडने त्याची पिशवी भरली. टॉटनहॅम तर २०२४-२५ ला लीगमध्ये सतरावे आले, युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात बिलबाओला युनायटेडला हरवून २००८ नंतरचा पहिला करंडक घेतला आणि सोळा दिवसांत मॅनेजर पोस्टेकोग्लूला काढला. जिंकूनही मॅनेजर काढता येतो, हे टॉटनहॅमने सिद्ध केलं. बांधाच्या भांडणातून तो संघ घेतलेल्यांनी इथं मान ताठ ठेवावी. समोरचा चुलतभाऊ मग आर्सेनलच्या आर्टेटाचं नाव घेईल : २०२१-२२ चे पहिले तिन्ही सामने हरला, एकही गोल नाही, तळाशी गेला, तरी ठेवला, म्हणून पुढं लागोपाठ तीनदा दुसरा आला. त्यावर 'दुसराच ना?' एवढं म्हणून सायकलला टांग मारावी.

आता एक नाजूक कलम. लीगचा हंगाम ऐन रंगात येतो तेव्हाच आपल्याकडे गळीत हंगाम पेटतो. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा. बॉयलर पेटले की रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. इथंही हंगाम आहे, चेअरमन आहे, एमडी आहे, चुकलेले निर्णय तर पोत्यानं आहेत. उत्साहाच्या भरात नवखा माणूस दोन्ही हंगामांत एकच आवाज लावतो आणि फसतो. आडसाली ऊस दीड वर्षं सांभाळून रानात उभा आहे, तुरा आलाय, वजन रोज उतरतंय, टोळी शेजारच्या रानात कोयते चालवतेय आणि चिटबॉय आपला फोन उचलत नाही. अशा दिवसांत चेअरमनच्या धोरणात दूरदृष्टी असते. एमडी अभ्यासू असतो. शेतकी खात्याचा तर सत्कार करायला हवा असतो. हे सगळं खालच्या पट्टीत, चारचौघांना ऐकू जाईल असं बोलावं. मग जो काही आवाज शिल्लक राहतो तो मँचेस्टरला वापरावा. युनायटेडच्या रुबेन अमोरिमची ३-४-३ कशी भिकार होती, ते मोकळ्या गळ्यानं सांगावं. युनायटेड २०२४-२५ ला पंधरावं आलं ते त्याच्यामुळं, असंही सांगावं. तो काही आपली तोड मागं ढकलू शकत नाही.

गंमत अशी, की ओल्ड ट्रॅफर्डला आपलं मत कुणी मागत नाही आणि कारखान्यात मात्र सभासदाला खरोखरीचं मत आहे, चिठ्ठीवर शिक्का मारायचं. माळेगावच्या सभासदांनी २०१५ ला सत्ताधारी पॅनेल घालवलं, २०२० ला पुन्हा फिरवलं. फर्ग्युसनच्या काळात युनायटेडच्या चाहत्यांना जे फलक लावूनही जमलं नाही, ते माळेगावच्या शिवनगरला पाच वर्षांत दोनदा झालं. पण हा उल्लेख टपरीवर करू नये. वातावरण गंभीर होतं आणि कोण कुठल्या गटाचा, ते चहाच्या पैशावरून कळू लागतं.

मॅनेजर एकदाचा गेला की आनंद दाखवू नये. 'माणूस वाईट नव्हता' म्हणावं. नव्या मॅनेजरला १४ दिवस द्यावेत. उसाच्या बिलाला १९६६ च्या नियंत्रण आदेशानं तेवढेच दिलेत, आणि तिथं काय होतं ते आपण जाणतोच. पहिला सामना तो बहुधा जिंकतो. दुसऱ्यापासून त्याच्या बदली खेळाडूंकडे लक्ष ठेवावं. घरात आईनं 'कोण गेलं रे?' म्हणून दचकून विचारलं, तर आधी 'आपल्यातलं कुणी नाही' सांगावं, नाव नंतर.

सप्टेंबरमध्ये लीगला नुकता रंग चढत असतो आणि त्याच महिन्यात कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा येते. मांडव, खुर्च्या, अहवालाची पुस्तिका, व्यासपीठावर सगळं संचालक मंडळ. वर्षभर पाच बदल, तीन बॅक आणि १.३ गोलांचा हिशेब मागणाऱ्या आपल्या जाणकारानं सभेला जरूर जावं. शक्यतो मधल्या रांगेत बसावं, पुस्तिकेतला उताऱ्याचा तक्ता बोट ठेवून वाचावा, शेजाऱ्याला दाखवावा. ऐनवेळच्या विषयांत माईक फिरत फिरत हातात आलाच, तर उभं राहावं, घसा साफ करावा आणि पाठीमागून जो गलका सुरू असेल त्यात आपलाही आवाज मिसळून द्यावा : मंजूर, मंजूर, मंजूर!