मावशींना दोनच हात

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर पाळणाघर निघालं आणि महिन्याची फी बारा हजार ऐकून सभासदांचे डोळे पांढरे झाले. "खेळायचं, जेवायचं, झोपायचं, त्याचे बारा हजार?" सेक्रेटरी गरजले. लगोलग खर्चकपात समिती नेमली गेली. मूल सांभाळल्याचा अनुभव असलेल्यांना तीत घेतलं नाही; निर्णय निःपक्षपाती नको का व्हायला?

समितीने हिशेबाची वही मागवली. खेळणी, फळं, वीज, फिनाईल यांत विशेष काही सापडेना. बहुतेक फी मावशींच्या पगारात जात होती. नऊ तान्ह्यांना तीन मावशी! समितीतले आयटीवाले हादरले. त्यांच्याकडे एक मॅनेजर चाळीस जणांना सांभाळतो, आणि तेही रडतातच.

मग स्थळपाहणी. वेळ साडेअकराची, भरवण्याची. एका मावशींच्या मांडीवर दहा महिन्यांची मुलगी. वरणात कालवलेला गुरगुट्या भात बोटाने तोंडात जायचा, जिभेवरून परत यायचा, हनुवटीवरून निपटून पुन्हा आत जायचा. अर्ध्या वाटीला अर्धा तास! आयटीवाल्यांनी मोबाईलवर वेळ लावली होती. "पूर्वीपासून इतकाच वेळ लागतो?" मावशी म्हणाल्या, "माझ्या आईलाही इतकाच लागायचा, साहेब." दोन पिढ्यांत एकाही बाळाची उत्पादकता वाढलेली नाही, अशी गंभीर नोंद अहवालात झाली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाळाने शी केली आणि दुसरं उत्सुकतेने तिकडे रांगत निघालं. त्या क्षणी मावशी तीन का, हे समितीलाही कळलं असतं. पण समिती नाकाला रुमाल लावून बाहेर पडली होती.

कुणीतरी इंग्लंडचा दाखला काढला. तिथे दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस ठेवावाच लागतो. दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण चारास एक होतं. खर्च आवरेना म्हणून 2023 साली ते पाचास एक करण्याची मुभा दिली गेली. सांभाळणाऱ्यांना तिसरा हात कधी फुटला, ते मात्र जाहीर झालेलं नाही.

आपल्याकडे मातृत्व लाभ कायद्याच्या 2017च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. तेव्हापासून आमचे एक उद्योजक मित्र एकोणपन्नासावर समाधानी आहेत. अंगणवाडी सेविकेचं तर बोलूच नका. केंद्राने 2018 मध्ये तिचं मानधन 3000 वरून 4500 केलं, राज्यं आपापली भर घालतात, आणि पोषण आहारापासून नोंदींपर्यंत सगळं तिच्याच गळ्यात.

"स्वस्तातल्या मावशी आणू," खजिनदार म्हणाले. स्वस्तातल्या मावशी चार पैसे जास्त मिळताच दुसरीकडे जातात, आणि मूल नव्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा पहिल्यापासून भोकाड पसरतं. पण भोकाड वहीत दाखवायला रकाना नसल्याने हा मुद्दा बारगळला.

अखेर एक मावशी कमी करून त्या पैशांत सहा सीसीटीव्ही कॅमेरे लावायचं ठरलं. बाळ रडलं की आईला ऑफिसात फोनवर लगेच दिसेल! ठराव एकमताने मंजूर झाला. कॅमेऱ्यांकडे सतत बघायला एक पूर्णवेळ माणूस लागेल, हे नंतर लक्षात आलं. त्याचा पगार मावशींपेक्षा जास्त ठरला आहे. काम शेवटी तांत्रिक आहे.