वहिनी, पाणी जपून!

माझा धाकटा दीर मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर आहे. ‘तो बोटीवर असतो’ म्हटलं की डोंबिवलीत लोक हळहळतात. सुट्टीवर आला की तो आम्हाला काटकसर शिकवतो. भांडी विसळताना नळ सुरू दिसला की लगेच, “वहिनी, पाणी जपून! बोटीवर असतीस तर कळलं असतं.”

आमच्या बिल्डिंगला पाणी सकाळी तासभर, शुक्रवारी तेही नाही. नळ सुरू दिसणं हा आमच्याकडे सण असतो. तरी मी चौकशी केली, बोटीवर पाणी येतं कुठून? तर इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळायचं. भांड्यात व्हॅक्यूम केलेला असल्याने ते शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं. वाफ थंड केली की गोडं पाणी. मोठ्या बोटीवर असं दिवसाला २० टनांपर्यंत होतं. आणि माणसं? वीस-बावीस!

आमचा टँकर दहा हजार लिटरचा, म्हणजे १० टन. त्यावर चोवीस बिऱ्हाडं आणि सेक्रेटरींची नोटीस. घोडबंदर रोडची नणंद तर टँकरच्या हॉर्नवरून ड्रायव्हर ओळखते. आणि याला भर समुद्रात रोज दोन टँकर घरपोच!

“बॉयलरलाही लागतं त्यातलं,” तो पुटपुटला. खरी ओढाताण म्हणे बंदराबाहेर नांगर टाकल्यावर. मोठं इंजिन बंद, किनाऱ्याचं पाणी घाण, म्हणून ते यंत्रही बंद. मग पाण्याला वेळा लागतात. थोडक्यात, बोट किनाऱ्याच्या जितकी जवळ येते, तितकी तिची डोंबिवली होते.

केबिन लहान म्हणून तो कुरकुरतो, पण तिला स्वतंत्र बाथरूम आहे, हे हळूच सांगतो. बोट फार डोलली तर गादीच्या कडेखाली लाइफजॅकेट खुपसायचं, म्हणजे माणूस गडगडत नाही. आमच्या हॉलमध्ये गणपतीत भिंतीपासून भिंतीपर्यंत माणसंच झोपतात, गडगडायचं कुठे? ताटाखाली ओलं फडकं घालायची त्याची युक्ती मात्र मी उचलली. आम्ही रुळांलगत राहतो, मालगाडी गेली की वाट्या सरकतात.

खरी तंगी ‘म्हादेई’वर. गोव्यात बांधलेली ५६ फुटी शिडाची बोट. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये तिच्यावरून एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले, असे पहिले भारतीय. एकट्या दर्यावर्दीला सलग झोप नसते. समोरून जहाज येतंय का, हे उठून बघावं लागतं. पाणी आलं का बघायला पहाटे चारला उठणाऱ्या बाईला हे समजतं. एकटं असणं मात्र डोंबिवलीत बसून कल्पनेतही जमत नाही.

शिवाजी महाराजांनी कल्याणच्या खाडीत आरमाराची जहाजं बांधायला घेतली, ती उगाच नव्हे. काटक माणसं हाकेच्या अंतरावर होती.

गेल्या शुक्रवारी दिराने निवांत शॉवर घेतला आणि टाकी संपवली. आता नोटीस त्याच्याही नावाने निघते.

तेव्हा, मुलगा बोटीवर जाणार असेल तर कोर्सची फी भरण्याआधी त्याला मे महिन्यात आमच्याकडे पाठवा. बादली त्याची त्याने आणावी.