शेणकिडा कसा वाचावा : नवशिक्या सोलापूरकरांसाठी

इजिप्तची सहल करून कुणी सोलापुरात परतलं की आठवड्याभरात नातेवाइकांच्या घरोघरी एकेक निळसर दगडी भुंगा पोचतो. पोटावर बारीक चित्रं कोरलेली, अंगातून आरपार भोक. देणारा म्हणतो, "लकी असतो, ठेवा." एवढं बोलून तो मोकळा होतो. ज्यांना हा भुंगा टीव्हीशेजारी ठेवून विसरायचा आहे त्यांनी पुढे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत. ज्यांना त्याच्या पोटावरचं वाचायचंच आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

साहित्य : आजोबांचं भिंग (विचारून घ्यावं), मोबाईलची बॅटरी आणि घट्ट मळलेल्या कणकेचा छोटा गोळा. ज्वारीचं पीठ चालणार नाही. मंगळवेढ्याची मालदांडी असली तरी ठसा उमटण्याआधी चिरते.

पायरी १ : किडा ओळखा

हा भुंगा नव्हे आणि झुरळ तर नव्हेच. शेणाची गोळी वळून मागच्या पायांनी ढकलत नेणारा हा आपला शेणकिडा. इंग्रजीत त्याच्या ताइताला 'स्कॅरॅब' म्हणतात. प्राचीन इजिप्तच्या लोकांना त्या गोळीत सूर्य दिसला आणि ती ढकलणाऱ्यात उगवत्या सूर्याचा देव, खेप्री. शेणातून आपोआप पिल्लं बाहेर पडतात, तेव्हा हा स्वतःच स्वतःला जन्म देतो, असाही त्यांचा समज. ही माहिती सासूबाईंना ताईत देवघरात ठेवण्याआधी सांगावी, नंतर नव्हे.

पायरी २ : खरा की खोटा

जुने स्कॅरॅब बहुतेक संगजिऱ्याचे, वर झिलई चढवलेले आणि लांबीला साधारण एक-दोन सेंटिमीटर. तुमचा साबणाच्या वडीएवढा असेल आणि कडेने साच्याची शिवण दिसत असेल, तर तो कैरोच्या खान-अल-खलिली बाजारात तुमच्यासाठीच जन्माला आला आहे. नुसत्या जुनाट रंगावर भुलू नका. नवे ताईत टर्की कोंबड्यांना गिळायला लावायचे आणि यथावकाश मागच्या दाराने 'प्राचीन' करून घ्यायचे, असा तिथल्या नकली मालवाल्यांचा किस्सा सांगतात. धुऊन घेतलेला बरा.

खोटा निघाला म्हणून हिरमुसू नका. इजिप्तच्या १९८३ च्या कायद्याने पुरातन वस्तूंचा व्यापार बंद झाला आहे. खरा निघाला असता तर भिंगाआधी वकील लागला असता.

पायरी ३ : ठसा घ्या

स्कॅरॅब गळ्यात बांधत, तसाच मातीवर दाबून मोहोर म्हणूनही वापरत. तुम्ही कणकेवर दाबा. ठशात चित्रं उलटी उमटतील, पण घाबरू नका. ही लिपी उजवीकडून डावीकडे लिहीत आणि डावीकडून उजवीकडेही. माणसं, पक्षी, प्राणी ज्या बाजूला तोंड करून असतील त्या बाजूने वाचायला सुरुवात करायची. वर-खाली दोन चिन्हं असतील तर वरचं आधी. वाचून झाल्यावर त्या कणकेची पोळी लाटू नये.

पायरी ४ : घरच्यांचं मत घ्या आणि बाजूला ठेवा

आता ताईत घरात फिरवा. ज्यांची हयात मागावर गेली ते काका आडव्या पट्टीवरचे दाते बघून म्हणतील, "ही फणी." पंढरीची वारी चुकवत नाहीत त्या आत्याबाईंना उभ्या दांडीचा भोपळा दिसेल, म्हणजे वीणा. नान्नजला सहलीला जाऊन आलेला मुलगा पक्ष्यावर बोट ठेवून "माळढोक!" म्हणून ओरडेल. वास्तुवाले परिचित तिन्ही एकत्र करून सांगतील, की धंदा, भक्ती आणि परदेशप्रवास असा योग आहे, ईशान्येला ठेवा.

कुणाशी वाद घालू नका. फणी म्हणजे सोंगट्या मांडलेला खेळाचा पट आहे, उच्चार 'मेन'. वीणा म्हणजे हृदय आणि श्वासनलिका, उच्चार 'नेफेर', अर्थ चांगलं, सुंदर. माळढोक हे बदक आहे, पण त्याचा इथे पाण्याशी संबंध नाही. 'सा' असा उच्चार करून ते मुलगा हा अर्थ देतं. बदकाशेजारी सूर्याची टिकली असली की झालं 'रे या सूर्यदेवाचा पुत्र', म्हणजे राजेसाहेब.

घरच्यांची चूक मोठ्या घराण्यातली आहे. सतराव्या शतकात अथानासियस किर्शर नावाच्या जेझुइट पंडिताने हेच केलं. एकेका चित्रात गूढ तत्त्वज्ञान पाहत त्याने जाडजूड ग्रंथ छापले. विद्वत्ता अफाट, वाचन चूक.

पायरी ५ : चित्र विसरा, आवाज ऐका

१७९९ मध्ये इजिप्तमधल्या रोझेटाला एक शिळा सापडली. त्यावर एकच राजाज्ञा चित्रलिपी, तिचंच भरभर लिहायचं रूप डेमॉटिक आणि ग्रीक अशी तीन प्रकारे कोरलेली होती. एका चौकात मराठी, कन्नड आणि तेलुगू ऐकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, युरोपला वाटलं. राजांची नावं लांबट वेटोळ्यात लिहिलेली असतात. त्या नावांचे उच्चार ताडून पाहत शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने १८२२ मध्ये लिपीची गाठ सोडवली. ही चित्रं मुख्यतः ध्वनी दाखवतात. काही एक व्यंजन, काही दोन, काही तीन. काही चिन्हं मात्र नुसता अर्थ सुचवतात, त्यांचा उच्चार करायचा नसतो. स्वर लिहीतच नसत. आपण उच्चारापुरता 'ए' घालून घेतो. म्हणून एका राजाच्या नावाची चार रूपं भेटली तर पुस्तकाच्या दुकानात भांडू नये.

पायरी ६ : सोडवलेलं उदाहरण

पर्यटकांच्या ताइतावर सर्वाधिक भेटणारी तीन चिन्हं घ्या : वर सूर्य, मध्ये पट, खाली शेणकिडा. क्रमाने 'रे', 'मेन', 'खेपेर'. पण वाचायचं मेन-खेपेर-रे. लग्नपत्रिकेत कुलदैवत सगळ्यांच्या वर छापतात, तसा देव मानाने आधी लिहायचा आणि उच्चारताना त्याच्या जागी आणायचा.

हे तिसऱ्या थुतमोसचं राजनाम. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातला हा दिग्विजयी राजा. त्याच्या नावात ताकद मानत, म्हणून तो गेल्यावरही शेकडो वर्षं ताइतांवर ते कोरलं जात राहिलं. तेव्हा राजाचं नाव वाचता आलं म्हणजे ताईत राजाच्या काळातला ठरत नाही.

तुमच्या किड्यावर एका नावाऐवजी ओळीच्या ओळी असतील, तर ती तिसऱ्या आमेनहोतेपची नक्कल असू शकते. राज्याच्या पहिल्या १० वर्षांत आपण आपल्या बाणांनी १०२ सिंह मारले, ही जाहिरात त्याने मोठ्या शेणकिड्यांवर कोरून वाटली होती. त्यातले शंभराहून अधिक आजही शिल्लक आहेत.

आणि काहीच जुळलं नाही तर? तर कोरणाऱ्यालाही वाचता येत नव्हतं. अशा वेळी 'अर्थ गूढ आहे' असं न म्हणता 'अर्थ नाही' असं म्हणावं. नवशिक्याला हे जमलं की तो पुढच्या वर्गात गेला.

परीक्षा

परीक्षेचं केंद्र सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे : हत्तरसंग कुडल, भीमा-सीना संगम, संगमेश्वराचं देऊळ. तिथल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेख आहे. तो उजेडात आणला सोलापूरच्याच आनंद कुंभार यांनी. पहिल्या मराठी शिलालेखाचा मान कुडलला की अलिबागजवळच्या अक्षीला, हा वाद अभ्यासकांकडे सोपवू. लेखाची अखेर अशी : 'वाछि तो विजेया होइवा'. वाचेल तो विजयी होईल. इथे ना टर्की कोंबडी, ना वास्तुवाले. भाषा आपली आणि हजार वर्षांपूर्वी आपल्यालाच दिलेला आशीर्वाद.

जाताना भिंग आणि बॅटरी घ्या, कणीक घरी ठेवा. उजेड बाजूने तिरका टाका, अक्षरं उठून दिसतात. दगडाला खडू, तेल, हळद-कुंकू लावू नका आणि आपल्या गावच्या देवळात कुणी कोरीव लेखावर ऑइल पेंट मारायला निघालं असेल, तर आधी त्याचा डबा काढून घ्या.