गोदामात सगळं, पडद्यावर काही नाही

दादासाहेब फाळक्यांनी १९१५मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या अ‍ॅनिमेशनपटात काड्या नाचवल्या. गीतांजली राव यांचा हाताने रंगवलेला पंधरा मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट ‘प्रिंटेड रेनबो’ काडेपेट्यांवरच्या चित्रांत शिरला आणि २००६मध्ये कान महोत्सवाच्या ‘क्रिटिक्स वीक’मधून पारितोषिकं घेऊन आला.

पण असे लघुपट पाहायचे तर भिवंडीकरांचं काय?

लघुपट-अ‍ॅनिमेशनचा ‘मिफ’ महोत्सव मुंबईत १९९०पासून भरतो. पण भिवंडी रोड स्थानक पडलं वसई-दिवा मार्गावर! म्हणजे कलास्वादाआधी गाडी बदला.

आणि बघण्याऐवजी बनवायचं म्हटलं तर? व्हिडिओ गेममध्येच चित्रीकरण करून बनवलेल्या ‘मशिनिमा’ला आता परदेशी महोत्सव पायघड्या घालतात. त्याला लागतो फक्त संगणक आणि गेम. ऑनलाइन मागवलेला असला माल भिवंडीच्याच गोदामांत थप्प्या लावून पडलेला असतो. तो उचलणाऱ्या पोराला मात्र महोत्सवाचा पास कुणी पार्सल करत नाही.