बोरीची धूळ आणि ठेंगणी गाडी

बोरी बुद्रुकच्या माणसाला धुळीबद्दल कुणी शिकवायला जाऊ नये. या गावाची धूळ थेट सुमात्राहून आलेली आहे. कुकडीच्या काठच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा एक पट्टा सापडतो. ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, तीन हजारांवर किलोमीटर वाऱ्यावर बसून आलेली. टोबाचा महास्फोट साधारण 74 हजार वर्षांपूर्वीचा. बोरीची राख त्याच स्फोटातली की त्याहून कितीतरी जुनी, यावर अभ्यासक वर्षानुवर्षं भांडले; त्यामानानं आमच्या भावकीतले बांधाचे वाद लवकर मिटतात. शिवाय इथं दगडी हत्यारंही सापडली, म्हणजे धूळ खाणारी माणसंही इथं जुनीच.

अशा गावात पुतण्यानं लाल, ठेंगणी, सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणली. आळेफाट्यापर्यंत ती रुबाबात येते. पुढं प्रत्येक गतिरोधकाला तिरकी होऊन, पोट सांभाळत चढते. आता त्याला तिचा एअर फिल्टर बदलायचाय.

“काका, कंपनीचा कागदी फिल्टर इंजिनाचा श्वास कोंडतो.”

त्याच्या मनात दोन उमेदवार. एक, तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरायचा. दुसरा, फिल्टरचं खोकंच काढून बॉनेटखाली बसवायचा उघडा शंकू. शंकूचा आवाज भारी येतो म्हणे. आवाजासाठी पैसे मोजणारी ही पिढी, आणि आम्ही सायलेन्सर फुटला की लाजेनं गल्लीबोळातून गाडी काढायचो.

इंजिनाला हवा लागते, हे खरंच. एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा आत जाते. पण गावच्या रस्त्यावर, अर्ध्या पायावर गाडी चालवताना ती हवा फिल्टर अडवत नाही, थ्रॉटलची चकती अडवते. म्हणजे आपलाच पाय. फिल्टरच्या मोकळेपणाचा फायदा झालाच तर पाय पूर्ण दाबल्यावर. आमच्या रस्त्यावर ऊस भरलेल्या ट्रॉलीमागं तो दाबणार कुठं? उघडा शंकू तर इंजिनाशेजारची तापलेली, विरळ हवा ओढतो. ताकद कमी, गर्जना जास्त. असे लोक प्रत्येक ग्रामसभेत असतात. सुती जाळीला तेल जास्त लागलं तर ते पुढं हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतं आणि गाडी बावचळते.

फिल्टर हा राखणदार. तो दार किती सैल सोडतो यावर त्याची नेमणूक करायची नसते.

आमच्या जुन्या ट्रॅक्टरवाल्यांना हे न शिकवता कळलेलं. त्यांच्या एअर क्लीनरच्या वाटीत तेल असायचं; हवा त्या तेलावरून वळून जायची, धूळ खाली बसायची. रोटर मारून आलं की वाटी उघडायची, चिखल झालेलं तेल फेकायचं, नवं ओतायचं. यात कुणाला ताकद वाढवायची नव्हती. इंजिन उतरवायचा खर्च टाळायचा होता, बस्स.

धूळ काय करते ते विमानवाल्यांना विचारा. 1982 च्या जूनमध्ये ब्रिटिश एअरवेजचं लंडनहून मुंबईमार्गे पुढं निघालेलं जंबो विमान जावाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. नशिबानं ती पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्त्याला उतरलं. ज्वालामुखीची राख म्हणजे बारीक काचच. जेट इंजिनात ती वितळून चिकटते. शेतातली धूळ वितळत नाही, पण सिलिंडर आणि रिंगा घासायला तिला अडचण नसते.

पुतण्याला माझा सल्ला असा: कंपनीचा कागदी फिल्टर घे, आणि बोरीच्या धुळीत वहीत लिहिलेल्या किलोमीटरची वाट न पाहता लवकर बदल. त्याला कॉम्प्रेसरनं जोरात हवा मारू नकोस, कागद फाटतो. थोडा मळलेला कागद नव्यापेक्षा बारीक धूळ जास्त अडवतो, तेव्हा उगाच झटकूही नकोस. वाचलेल्या पैशांत चांगले टायर घे, आणि गर्जनेची फारच हौस असेल तर बैलगाडा शर्यतीच्या घाटात ये.