बजेट नाही हो!

मराठी मालिका साधारण का निघते, असं विचारलं की उत्तर तयार असतं: बाजार लहान, बजेट नाही. विदर्भाच्या एका टोकाला, ढाणकीत बसून हे ऐकताना मोठी सहानुभूती वाटते. बिचाऱ्यांकडे संवाद लिहायला पैसे नाहीत, म्हणून सासूचा चेहरा तीनदा दाखवतात, वर विजांचा कडकडाट. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घरात मात्र झुंबर असतं आणि सून झोपेतही पैठणीत. आमच्या उमरखेड तालुक्यात कापूस वेचणाऱ्या बायका नवऱ्याचा जुना शर्ट लुगड्यावर चढवतात. तो शर्ट बहुधा बजेटबाहेर जात असावा.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. पुढे तिथल्या स्टुडिओत, कृष्णधवल काळात, प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ उभे केले. तिजोरी तेव्हाही काही ओसंडत नव्हती, चिं. वि. जोशींचा मजकूर तेवढा हाताशी होता.

विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, वडसा परिसरातल्या झाडीपट्टीच्या कंपन्या हंगामात गावोगाव रात्रभर नाटक करतात, तिकीट लावून. प्रेक्षक पहाटेपर्यंत बसतो, मध्ये 'ब्रेक के बाद' नसतं.

आमच्या वाट्याला पडद्यावर आली ती एका मालिकेतली नागपूरची राधिका, २०१६ साली. बोली वऱ्हाडी, अभिनेत्री नाशिकची. तिनं निभावलंही बरं. पण पैनगंगेकाठची बोली मराठवाड्याकडे झुकते, ती बोलणारं पात्र हवं असेल तर निर्मात्यांनी यावं. घर, ओसरी, बैलजोडी फुकट मिळेल. झुंबर तेवढं त्यांनी आणावं.