मोहेशबाबूंचा डाव

विश्वविजेत्यांचे डाव पटावर मांडून बघण्यात अभ्यास कमी आणि नमस्कारच जास्त घडतो. मला हौशी माणसांचे डाव आवडतात. त्यातही १८५५ साली कलकत्त्यात झालेला एक. पांढरी मोहरी जॉन कॉक्रन या बॅरिस्टरकडे, काळी मोहेशचंद्र बॅनर्जींकडे.

मोहेशबाबू आधी घोडा काढतात. मग राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एकच घर सरकवतात, मागून उंट यायला वाट म्हणून. देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. हाताला ती सवय असणार. तिसऱ्या चालीला मात्र डी-५, दोन घरांची उडी! पांढऱ्याला मध्यभागी खुशाल प्यादी रचू द्यायची आणि लांबून त्यांना सुरुंग लावायचा, असा बेत.

आज याला ग्रुनफेल्ड डिफेन्स म्हणतात. ऑस्ट्रियाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ साली तो खेळायला घेतला, व्हिएन्नात अलेखाइनला हरवलं आणि नाव लागलं. मोहेशबाबू सदुसष्ट वर्षं आधी त्याच चाली खेळून बसले होते. पण ते पडले हरलेले; बारशाला त्यांना कोण बोलावणार?

तेराव्या चालीला काळा वजीर ऐटीत ए-५ वर फिरायला निघतो आणि हत्तीने हुसकावल्यावर सोळाव्या चालीला मुकाट्याने घरी येतो. मधल्या काळात किल्लेकोटातला हत्ती एक घर सरकलेला. एफ-७ चं प्यादं आता एकट्या राजाच्या भरवशावर. कॉक्रनचा घोडा मागचा उंट उघडा टाकून जी-५ वर उडी घेतो. मोहेशबाबू उंट खातात. आपणही खाल्ला असता. मग घोडा एफ-७ चं प्यादं मारतो. त्याच्या पाठीशी वजीर, त्यामुळे राजाला तो घेता येत नाही. अशा वेळी मोहेशबाबू काय करतात? स्वतःचा घोडा पटाच्या कडेला नेऊन समोरच्या वजिराला धमकावतात. इथे मला त्यांच्याबद्दल माया वाटू लागते. पुढे तीन चालींत मात आहे: दुहेरी शह, वजिराचा बळी आणि आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेला राजा.

ओपनिंगची पुस्तकं पाठ करणाऱ्या एका मित्राला मी हा डाव दाखवला. सुरुवातीत तसं काही बिघडलं नव्हतं, हेही दोनदा सांगितलं. त्याने सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे ग्रुनफेल्ड खेळू नये, असंच ना?” सध्या तो किंग्ज गँबिट पाठ करतोय.